प्लॅटिनम इलेक्ट्रोड साफ कसा करायचा: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

प्लॅटिनमवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक हिशोब करायला लावते, पॉलिशिंग पॅडला हात लावायच्या आधी. तुमचा २ मिमी व्यासाचा डिस्क इलेक्ट्रोड घ्या. त्याचा खरा पृष्ठभाग, म्हणजे सूक्ष्म खाचाखोचा धरून, साधारण ०.०५ चौरस सेंमी निघतो. प्लॅटिनमच्या एका चौरस सेंमीवर साधारण १३०० लाख कोटी अणू असतात, म्हणजे तुमच्या डिस्कवर ६५ लाख कोटी. आता सेलमध्ये ५० मिली द्रावण आहे आणि त्यात क्लोराइड आहे फक्त १ पीपीबी, म्हणजे अब्जात एक भाग. ते आयन मोजले तर साधारण ८५० लाख कोटी भरतात. म्हणजे अब्जात एक भाग घाणसुद्धा तुमचा अख्खा इलेक्ट्रोड तेरा वेळा झाकायला पुरते, आणि नळाच्या पाण्यात क्लोराइड पीपीएममध्ये असतं, पीपीबीच्या हजारपट.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. इलेक्ट्रोड घासून चकचकीत करणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे, खरी मेहनत पाणी, काच आणि ॲसिड यांच्यावर असते. म्हणून मी इथे क्रमही तसाच ठेवलाय, इलेक्ट्रोड मधेच कुठेतरी येईल. मुंबईत पवई असो, कलिना असो, माटुंगा असो, कुठल्याही लॅबला हे लागू आहे.

पाणी

१८.२ मेगाओहम-सेंमीचं अल्ट्राप्युअर पाणीच लागतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बाकी कामांना ठीक आहे, या कामाला नाही. आणि मीटरवर १८.२ दिसलं म्हणून लगेच निवांत होऊ नका, कारण तो आकडा फक्त आयनांबद्दल सांगतो. पाण्यात साखर विरघळवली तरी मीटर हलणार नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. सेंद्रिय घाणीसाठी टीओसीचा, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचा, आकडा बघायचा, तो ५ पीपीबीच्या खाली हवा. मशीनवर टीओसी मीटर नसेल तर निदान काडतूस आणि यूव्ही लॅम्प कधी बदललाय ते विचारून घ्या, लाजू नका.

शनिवार-रविवार मशीन बंद राहिलं असेल तर सोमवारी सकाळी पहिलं थोडं पाणी सोडून द्यायचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, प्रीफिल्टर लवकर भरतो, तेव्हा जून-जुलैत त्यावर जास्त लक्ष ठेवायचं. आणि कृपा करून हे पाणी प्लॅस्टिकच्या वॉश बॉटलमध्ये भरून आठवडाभर वापरू नका, प्लॅस्टिकमधून सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात. लागेल तेव्हा ताजं, स्वच्छ काचेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं.

काच

सेल, फ्लास्क, गॅसची नळी, इलेक्ट्रोड धरायचे काचेचे भाग, टेफ्लॉनची झाकणं, जे जे द्रावणाला लागणार ते सगळं एकत्र साफ करायचं. साबण नको, त्यातले सरफॅक्टंट काचेला चिकटून बसतात आणि नंतर थेट प्लॅटिनमवर येतात.

मी जी पद्धत वापरते ती परमँगनेटची. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आधी पूर्ण विरघळवायचं आणि मग त्यात सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू घालत ०.५ मोलरपर्यंत न्यायचं. हा क्रम उलटा करू नका: परमँगनेटचे कोरडे खडे कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकवर टाकले तर स्फोटक पदार्थ तयार होतो, ही अतिशयोक्ती नाही. गॉगल, एप्रन, हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्येच. जांभळ्या द्रावणात सगळी काच रात्रभर बुडवून ठेवायची, वर हवेचा बुडबुडा अडकलेला नको, नाहीतर तेवढा गोल तसाच मळका राहतो.

सकाळी द्रावण परत बाटलीत ओतून ठेवा, ते बरेच दिवस चालतं. काचेवर तपकिरी डाग दिसतील, तो मँगनीज डायऑक्साइड. तो घालवायला भरपूर पाण्यात थोडं सल्फ्युरिक आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याने काच विसळायची, डाग डोळ्यांदेखत बुडबुडे सोडत निघून जातात, बघायलाही छान वाटतं. त्यानंतर अल्ट्राप्युअर पाण्याने खळबळून विसळायचं आणि मग उकळायचं: सेलमध्ये पाणी भरून उकळी, ते फेकून नवीन पाणी, परत उकळी, असं निदान तीनदा, जमलं तर सहादा. नवीन पोरं इथेच कंटाळतात आणि एका उकळीवर सोडतात. सोडू नका. सल्फेटचे आणि मँगनीजचे शेवटचे अवशेष या उकळ्यांमध्येच निघतात.

पिरान्हाबद्दल सगळे विचारतात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक तीन भाग आणि ३० टक्के पेरॉक्साइड एक भाग. काम चोख करतं, पण भयंकर गरम होतं, गॅस सोडतं, ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट त्यात पडलं तर स्फोट होऊ शकतो, आणि झाकण लावून ठेवलेली बाटली फुटते. परमँगनेटने जे काम रात्रभरात शांतपणे होतं त्यासाठी नवख्याने पिरान्हाच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच असेल तर सीनियर शेजारी उभा असताना, थोडंसंच, आणि उरलेलं उघड्या बीकरमध्ये पूर्ण थंड होईपर्यंत ठेवून मग विल्हेवाट.

साफ केलेली काच वापरात नसेल तेव्हा अल्ट्राप्युअर पाण्यात बुडवून ठेवायची. ओव्हनमध्ये वाळवायची नाही, टिश्यूने पुसायची तर अजिबात नाही. आपल्याकडे समुद्राची हवा, धूळ, खालच्या कँटीनचं तळण, सगळंच हवेतून येतं, उघडी कोरडी काच ते सगळं पकडते. स्टॉपकॉकला सिलिकॉन ग्रीस लावायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा, ग्रीस एकदा सेलमध्ये शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात. जॉइंटला पाण्याचा थेंब लावला तरी पुरेसं सील होतं.

दसऱ्याला लॅबमध्ये उपकरणांची पूजा होते आणि ती व्हायलाच हवी, मलाही तो दिवस आवडतो. हळद-कुंकू पोटेन्शियोस्टॅटच्या (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) डब्यावर, झेंडूचा हार कॉम्प्युटरला, उदबत्ती दाराबाहेर, आणि सेल व इलेक्ट्रोड आदल्या संध्याकाळीच पाण्यात बुडवून, झाकून कपाटात. एवढं पाळलं की पूजाही होते आणि दुसऱ्या दिवशीची सीव्हीही (सायक्लिक व्होल्टामोग्राम, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवत काढलेली करंटची आकृती) नीट येते.

ॲसिड

सुरुवातीला ०.५ मोलर सल्फ्युरिक घ्या, कारण त्यातली प्लॅटिनमची सीव्ही सगळ्यांच्या ओळखीची आहे, तुलना करायला सोपी. ऑक्सिजन रिडक्शनसारखं काम करायचं असेल तर पुढे ०.१ मोलर पर्क्लोरिक, कारण सल्फेट प्लॅटिनमला चिकटतं आणि पर्क्लोरेट जवळजवळ चिकटत नाही. पण पर्क्लोरिकच्या बाटलीवर क्लोराइडचा आकडा वाचून घ्या, आणि ते गरम करणं किंवा सेंद्रिय पदार्थांजवळ नेणं टाळा. साधं एलआर (लॅबोरेटरी रिएजंट) ग्रेड ॲसिड नको, बाजारातला सगळ्यात शुद्ध ग्रेड घ्या, महाग असतो पण डायल्यूट केल्यावर एक बाटली खूप दिवस पुरते, त्यामुळे इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता इलेक्ट्रोड

तुमच्याकडे कुठला आहे त्यावर रस्ता बदलतो. टेफ्लॉनमध्ये किंवा काचेत बसवलेली डिस्क असेल तर पॉलिश करायची. उघडी तार, पत्रा किंवा टोकाला वितळवलेला मणी असेल तर ज्योत. टेफ्लॉनवाली डिस्क ज्योतीत धरायची नाही हे सांगायची गरज नसावी पण सांगून ठेवते, टेफ्लॉन तापला की विषारी धूर सोडतो.

पॉलिशसाठी ॲल्युमिनाची पावडर लागते, १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५. प्रत्येक साइझला वेगळा पॅड, आणि पॅडवर पेनने साइझ लिहून ठेवा, कारण १ मायक्रॉनचा एक कण ०.०५ च्या पॅडवर गेला की नवीन ओरखडे पडत राहतात. अल्ट्राप्युअर पाण्यात पावडरची दाटसर पेस्ट करा, इलेक्ट्रोड अगदी सरळ उभा धरा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, हलक्या हाताने, अधूनमधून इलेक्ट्रोड थोडा वळवत. जोर लावला की डिस्कच्या कडा गोल होतात आणि मग द्रावण कडेच्या फटीत शिरतं. दर साइझनंतर पाण्याने धुवायचं आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ताज्या पाण्यात एक-दोन मिनिटं धरायचं म्हणजे अडकलेले कण निघतात. तिथे अर्धा तास सोडून चहाला जाऊ नका, सील सैल होतं. रोज १ मायक्रॉनपासून सुरू करायचीही गरज नसते, ओरखडे दिसत नसतील तर ०.०५ वर थोडा वेळ पुरतो.

आरशासारखी चमक आली म्हणजे डिस्क साफ झाली असं वाटतं, पण चमक म्हणजे सपाटपणा, आणि पॉलिश झाल्या झाल्या त्या आरशावर पॅडचे, पेस्टचे सेंद्रिय अवशेष बसलेलेच असतात.

तारेचं काम त्या मानाने मजेशीर आहे. आधी तार शुद्ध आहे ना बघा. झवेरी बाजारातली दागिन्यांची प्लॅटिनम तार सहसा ९५ टक्के असते, उरलेल्या ५ टक्क्यांत दुसरा धातू, तो तुमच्या सीव्हीत लुडबुड करणार. ९९.९ किंवा त्याच्या वरचंच घ्या. पृष्ठभागावर धातूंची घाण असेल तर आधी नायट्रिक ॲसिडमध्ये फ्यूम हूडखाली गरम करून घ्या, प्लॅटिनमला एकट्या नायट्रिकने काही होत नाही. हायड्रोक्लोरिक मात्र त्यात मिसळू नका, ते झालं अक्वा रेजिया, त्यात प्लॅटिनमच विरघळतं.

मग बर्नरची ज्योत निळी करा, हवा पूर्ण उघडून, आणि तार ज्योतीच्या बाहेरच्या, वरच्या भागात धरा. पिवळी ज्योत किंवा आतला निळा शंकू नको, तिथे कार्बन जास्त, ऑक्सिजन कमी, त्याने प्लॅटिनम काळवंडतं आणि ठिसूळ होतं. हायड्रोजनची ज्योत मिळाली तर उत्तमच. तार नारिंगी-पांढरी झगझगीत झाली की थोडा वेळ तशीच ठेवा, बाहेर काढा, लाली ओसरली की लगेच अल्ट्राप्युअर पाण्यात बुडवा, आणि बाहेर काढताना टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला ठेवूनच सेलपर्यंत न्या. तो थेंब म्हणजे हवेपासूनचं संरक्षण. साफ प्लॅटिनमवर पाणी सपाट पसरतं, मळक्यावर गोळा होऊन सरकतं, हा झटपट तपास.

ज्योतीची ही रीत साधी वाटते पण इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत तिने मोठा बदल घडवला. १९८० मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ क्लाविलिए यांनी प्लॅटिनमचे सिंगल क्रिस्टल (सगळे अणू एकाच रचनेत असलेले तुकडे) ज्योतीत तापवून, पाण्यात विझवून, थेंबाच्या आडोशाने सेलमध्ये नेले, आणि १११ या पृष्ठभागावर (क्रिस्टल एका ठराविक दिशेने कापला की मिळणाऱ्या) जी सीव्ही मिळाली तशी आधी कुणालाच दिसली नव्हती. त्याआधी महागड्या व्हॅक्यूम यंत्रणेशिवाय असला पृष्ठभाग मिळणार नाही असं मानलं जायचं. आपल्या लॅबच्या बर्नरवर तुम्ही तेच तत्त्व वापरताय.

सेल लावताना

विरघळलेला ऑक्सिजन घालवायला आर्गॉन किंवा नायट्रोजन २० ते ३० मिनिटं द्रावणातून सोडायचा, आणि मोजताना वरून सोडत राहायचा. काउंटर, म्हणजे करंटचा मार्ग पुरा करणारा दुसरा इलेक्ट्रोड, म्हणून प्लॅटिनमची तार चालेल, तीही ज्योतीत साफ करून. (तुम्ही प्लॅटिनम सोडून दुसऱ्या कॅटलिस्टची ताकद तपासत असाल तर काउंटर ग्राफाइटचा घ्या, कारण प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं आणि श्रेय भलत्यालाच जातं.)

रेफरन्सची, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो त्या इलेक्ट्रोडची, निवड महत्त्वाची. बहुतेक लॅबमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड पडलेला असतो आणि त्याच्या पोटात सॅच्युरेटेड पोटॅशियम क्लोराइड असतं, ते हळूहळू झिरपतं. वरचा हिशोब आठवा. सल्फ्युरिकमध्ये मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट वापरा, किंवा सरळ हायड्रोजन रेफरन्स करा: एका टोकाला बंद काचेच्या नळीत प्लॅटिनमची तार, नळी त्याच ॲसिडने भरलेली, आणि तारेवर इलेक्ट्रोलिसिस करून नळीत अर्धी तार उघडी पडेल इतका हायड्रोजन जमवायचा. झाला आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड). क्लोराइडवालाच वापरणं भाग असेल तर डबल जंक्शन (मधे दुसऱ्या द्रावणाचा कप्पा) लावून, आणि ०.५ मोलर सल्फ्युरिकमध्ये आरएचईच्या आकड्यातून साधारण ०.२२ व्होल्ट वजा करून. खालचे सगळे आकडे आरएचईचे आहेत.

सायकलिंग

०.०५ ते १.४ व्होल्ट, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट, आणि फिरवत राहायचं. वर गेलं की पृष्ठभागावर ऑक्साइड बनतो आणि चिकटलेली सेंद्रिय घाण जळते, खाली आलं की ऑक्साइड निघतो. पहिल्या काही फेऱ्यांत आकृती बदलत जाईल, पीक उमलत जातील, हे बघण्यासारखं असतं. लागोपाठच्या फेऱ्या एकमेकींवर बसायला लागल्या की थांबा. ५० ते १०० फेऱ्यांत हे व्हायला हवं. २०० फेऱ्यांनंतरही हलत असेल तर घाण इलेक्ट्रोडवर नाही, द्रावणात आहे, आणि कितीही फिरवलं तरी ती परत परत येऊन बसणार, तेव्हा परत काचेकडे जा.

घाईत वरची मर्यादा १.८ वगैरे करायचा मोह होतो. त्याने साफ होतं खरं, पण दर फेरीत ऑक्साइड बनताना-निघताना प्लॅटिनम थोडं विरघळतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो, मग तुमचं क्षेत्रफळ रोज वेगळं.

सायकलिंग झालं की द्रावण बदला. ही पायरी बरेच जण गाळतात. जे निघालं ते त्याच ५० मिलीमध्ये आहे. नवीन ॲसिड, परत गॅस, आणि आता सेकंदाला ५० मिलिव्होल्टने खरी सीव्ही काढा.

सीव्ही वाचायची कशी

पॉलिक्रिस्टलाइन (अनेक छोट्या क्रिस्टलांच्या, तुमच्या डिस्कसारख्या) प्लॅटिनमची सल्फ्युरिकमधली आकृती अशी हवी. ०.०५ ते ०.४ च्या दरम्यान हायड्रोजनचा भाग (इथे हायड्रोजन प्लॅटिनमला चिकटतो आणि सुटतो), त्यात दोन ठळक पीक, एक ०.१२ च्या आसपास आणि एक ०.२७ च्या आसपास, आणि वरची बाजू व खालची बाजू शून्य रेषेत आरसा धरल्यासारखी. दोन पीकमधली दरी खोल आणि स्वच्छ हवी. त्यानंतर अरुंद सपाट पट्टा, डबल लेयरचा (इथे पृष्ठभागाजवळ चार्ज नुसता साठतो, अभिक्रिया होत नाही). साधारण ०.८५ पासून ऑक्साइडचा करंट चढतो आणि पठारासारखा पुढे जातो. परतीच्या वाटेवर ०.७५ ते ०.८ च्या आसपास एकच मोठा खड्डा, ऑक्साइड निघाल्याचा.

बिघाड ओळखायला इथेच शिकायचं. हायड्रोजनचे पीक बुटके आणि एकमेकांत मिसळलेले, आणि वर जाताना पहिल्या फेरीत ऑक्साइडच्या भागात जादा करंट: सेंद्रिय घाण. ऑक्साइडची सुरुवात उशिरा होतेय आणि हायड्रोजनच्या पीकचा आकार बदललाय: क्लोराइड, रेफरन्स तपासा. सगळी आकृती खाली सरकलीय, सपाट पट्टासुद्धा शून्याखाली: ऑक्सिजन राहिलाय, गॅस अजून सोडा आणि नळीचे जॉइंट बघा. आकृती तिरकी झालीय, डबल लेयर सपाट न राहता चढणीसारखा: बहुतेक वेळा सील गळतंय, द्रावण कडेने आत गेलंय. जिथे काहीच नसायला हवं तिथे टोकदार पीक: दुसरा धातू, तांबं वगैरे.

आकृती बरोबर आली की क्षेत्रफळ काढा. हायड्रोजनच्या भागातलं डबल लेयर वजा करून उरलेलं क्षेत्र इंटिग्रेट करा, स्कॅन रेटने भागा, चार्ज मिळतो. समजा ०.५२५ मायक्रोॲम्पिअर-व्होल्ट आलं, स्कॅन रेट सेकंदाला ०.०५ व्होल्ट, तर १०.५ मायक्रोकूलॉम. पॉलिक्रिस्टलाइन प्लॅटिनमला चौरस सेंमीला २१० मायक्रोकूलॉम धरतात, म्हणजे ०.०५ चौरस सेंमी. २ मिमी डिस्कचं भूमितीय क्षेत्रफळ ०.०३१४, भागाकार साधारण १.६. हा रफनेस फॅक्टर. नीट पॉलिश केलेल्या डिस्कला १.२ ते २ मध्ये यायला हवा. १ च्या खाली आला तर आनंद मानू नका, पृष्ठभाग अर्धा झाकलेला आहे. ३ च्या वर गेला तर पॉलिश वाईट किंवा सायकलिंग जास्त झालंय.

सीओ स्ट्रिपिंगनेही (पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचा थर बसवून तो जाळताना लागणारा चार्ज मोजणं) हे तपासता येतं, तिथे आकडा चौरस सेंमीला ४२० धरायचा कारण दर सीओमागे दोन इलेक्ट्रॉन. पण कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे आणि त्याला वास नाही, डिटेक्टर आणि चालू हूड नसेल तर सिलिंडर उघडायचाच नाही.

पावडर कॅटलिस्ट किंवा नॅनोपार्टिकल असतील तर पॉलिश आणि ज्योत दोन्ही बाद, तिथे कण चिकटवून ठेवणारे पॉलिमर काढणं हाच मोठा प्रश्न असतो आणि जास्त तापवलं तर कण एकत्र होऊन मोठे होतात. पाणी, काच, ॲसिड आणि सीव्ही वाचणं मात्र तसंच.

काम संपल्यावर डिस्क पाण्याने धुऊन, तोंडावर थेंब ठेवून, झाकलेल्या काचेच्या भांड्यात उभी ठेवा, तार पाण्यात बुडवून. दुसऱ्या दिवशी तार परत ज्योतीत, डिस्कला ०.०५ चा हलका हात आणि थोडं सायकलिंग. आणि वहीत रोजची शेवटची साफ सीव्ही चिकटवा, खाली ॲसिडचा लॉट, पाण्याचे दोन्ही आकडे, रफनेस फॅक्टर आणि तारीख. एखाद्या दिवशी आकृती बिघडली की मागची पानं चाळून आदल्या चांगल्या दिवसानंतर काय बदललं ते बघायचं, आणि बदललेली तेवढी एकच गोष्ट आधी तपासायची.